मदत हवी आहे: सिरॅमिक ग्रिलमध्ये चरबीचं ताट कुठे ठेवायचं?

नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडच्या खेड्यात राहतो. घरी कोळशाची सिरॅमिक ग्रिल आहे. निखाऱ्यावर आच अडवणारी सिरॅमिकची चकती, तिच्यावर चरबी झेलायला स्टीलचं ताट, वर जाळी, अशी मांडणी करतो. गावरान कोंबडी हाडापर्यंत शिजते, पण ताट चकतीला टेकलेलं असल्यानं चरबी करपते आणि तो कडवट धूर मांसाला लागतो. सावजी मसाल्याची चव पार मारली जाते, जीव हळहळतो.

ताटाखाली कोरड्या विटेचे तुकडे ठेवून बोटभर फट सोडली तर भागेल का? की ताटात पाणी ओतू? पाण्यानं करपणं थांबेल, पण कातडी कुरकुरीत होणार नाही असं वाटते. ताट चकतीएवढंच रुंद आहे, लहान घेऊ का? पोळ्याच्या करीला पाहुणे येणार आहेत, त्याआधी सांगा जी.