आमदाराला गुण कशाचे द्यायचे?

कुळागर, फोंडा: ‘नोकरीला माणूस घेताना बघतो तसं शिक्षण, अनुभव, चारित्र्य बघून उमेदवाराला शंभरपैकी गुण द्या, मगच मत द्या’ अशी एक पोस्ट कालपासून सगळ्या गटांत फिरतेय. वाचून डोकं फिरलं. 1963 ला भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे मुख्यमंत्री झाले तेव्हा सरकार चालवायचा अनुभव शून्य, धंदा खाणीचा. तरी खेडोपाडी प्राथमिक शाळा त्यांनीच काढल्या ना? आणि अनुभवच हवा तर आमच्या काही आमदारांना सगळ्याच पक्षांचा अनुभव आहे. त्याचे किती गुण?

मांडवीकाठ: झालं, आले भाऊ! पर्रीकर आयआयटीचे होते, फाइल त्यांना कळायची. सत्तरीचे खाशे प्रतापसिंह राणे 1972 पासून 2022 पर्यंत आमदार, विधानसभेचे नियम तोंडपाठ. शिक्षण-अनुभव फालतू कसे?

कुळागर, फोंडा: फाइल कळणाऱ्यांच्याच पक्षाच्या सरकारने नूतनीकरण केलेले 88 खाणपट्टे सर्वोच्च न्यायालयाने 2018 ला रद्द केले.

डिचोलीचा ट्रकवाला: खाणींचं नाव काढलंत म्हणून सांगतो. खाणी बंद पडल्यावर माझा ट्रक अंगणात उभा राहून टायर मातीत रुतले, हौद्यात पावसाचं पाणी साचून गवत उगवलं. बँकेचा हप्ता मात्र चुकला नाही कधी. विचारपूस करायला आला तो सातवी शिकलेला आमचा पंच. पदवीवाले टीव्हीवर चर्चा करत होते.

पेडण्याची सून: शिक्षण राहू दे, शब्दाचं काय? जानेवारी 2022 ला काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रॉस), बेतीचा दर्गा, तिन्ही ठिकाणी शपथ घेतली, फुटणार नाही म्हणून. सप्टेंबरात निवडून आलेल्या अकरातले आठ भाजपात!

मांडवीकाठ: आठच का, तेही सांगा. दोन तृतीयांश गेले की विलीनीकरण म्हणता येतं, आमदारकी वाचते. अकराचे दोन तृतीयांश सातावर जातात, म्हणून आठ. देवापेक्षा घटनेचं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट नीट पाळलं.

कुळागर, फोंडा: देवाची थट्टा नको. महालक्ष्मीसमोर हात जोडलेला माणूस…

मांडवीकाठ: थट्टा मी केली की त्यांनी? एकाने तर फुटण्याआधी परत देवाला विचारून घेतलं म्हणे. त्यांचा देव तुमच्यापेक्षा समजूतदार आहे.

पेडण्याची सून: खरं सांगू? सासऱ्यांना रात्री ॲटॅक आला. रुग्णवाहिकेला वेळ लागेल म्हणाले. पक्ष बदललेल्या आमच्या आमदाराने स्वतः फोन उचलला, गाडी पाठवली, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचेपर्यंत दोनदा विचारलं. एकनिष्ठ म्हणवणाऱ्याचा फोन बंद. आता बोला.

कुळागर, फोंडा: हेच! तीसेक हजार मतदारांचा मतदारसंघ, सगळे ओळखीचे, मग आमदार म्हणजे गाडी, नोकरी, बारशाला पाकीट. रुग्णवाहिका वेळेवर यावी म्हणून निवडलाय त्याला, गाडी पाठवायला नाही.

पेडण्याची सून: रात्री दोन वाजता हे भाषण तुम्ही सासऱ्यांना ऐकवा.

डिचोलीचा ट्रकवाला: वहिनींना बोलू नका. तुमच्या घरचा कोण सरकारी नोकरीत कसा लागला, ते आम्ही विचारतो का?

कुळागर, फोंडा: माझा भाऊ परीक्षा देऊन लागलाय! वैयक्तिक जाऊ नका.

मांडवीकाठ: पोस्टवाल्याची एवढी बाजू मी घेतली, त्याच्या तक्त्यात ‘रात्री फोन उचलतो’ हा रकाना नाही, हे मात्र खरं.

कुळागर, फोंडा: बरं बाई, गाडीचे पाच गुण दिले. शपथ मोडल्याचे पन्नास वजा. 2027 ला तो तिसऱ्याच चिन्हावर उभा राहिला तर?

पेडण्याची सून: फोन करून विचारते. उचलतो तो.