जुन्या सागवानी कपाटाला थेट ऑइल पेंट चालेल का?

शहापूरकर
सेकंड हँड सागवानी कपाट घेतलंय, सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद. बाहेरचं पॉलिश काळं पडलंय आणि पावसाळी हवेत हाताला चिकटतंय. आतल्या फळ्यांना कुणीतरी कधीकाळी हिरवा ऑइल पेंट मारलाय. मागच्या एका पायाशी पिठासारखी भुकटी पडते. सोबत एक टेबल आहे, त्यावर गरम पातेल्याचा पांढरा गोल डाग. विकणारा म्हणतो, वरूनच पेंटचे दोन हात मारा, सगळं झाकलं जाईल. टिकेल का? मशीन नाही, हातानंच करायचंय. गणपतीच्या आत संपवायचा विचार आहे.

रंधा_पटाशी
झाकलं जाईल, टिकणार नाही. वरचा पेंट कडक होतो, खालचा चिकट थर मऊच राहतो, मग भेगा आणि पोपडे. आणि सागवानाचे रेषे पेंटखाली गाडायचे तर सागवान घेतलं कशाला?

आधी जुना थर कशाचा ते बघा. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. थर विरघळून कापूस तपकिरी झाला तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद देत नाही पण एनसी थिनरला (लॅकर पातळ करायच्या द्रवाला) विरघळतो, तर लॅकर. दोन्हींना हलला नाही तर ऑइल पेंट, तेलाचं व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन). तुमच्या लक्षणांवरून लाखच वाटते.

लाख असेल तर पॉलिश पेपरनं घासायला सुरुवात करू नका, पेपर दोन हातांत भरून गुळगुळीत होतो. एका वेळी हातभर जागा घ्या, स्पिरिटनं ओली करा, दोन-तीन मिनिटांनी गोणपाटाच्या तुकड्यानं रेषेच्या दिशेनं पुसून काढा. नक्षी आणि कोपऱ्यांना जुना टूथब्रश. पूर्ण वाळल्यावर 120, 180, 220 पेपर, त्याच क्रमानं. आडवं घासू नका. ते ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात लागला की उठून दिसतात.

नवीन पॉलिशला एक लिटर स्पिरिटमध्ये 150 ग्रॅम चपडा लाख (लाखेच्या पातळ पापड्या). काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत रात्रभर भिजवा, लोखंडी डब्यात लाख काळवंडते. मलमलीतून गाळा. बाहेरच्या अंगाला एवढं पुरतं. पहिले दोन-तीन हात ब्रशनं, वाळल्यावर 320 नं हलकं घासायचं, पुढचे मलमलीत कापूस बांधलेल्या पोटलीनं. ओल्या जागेवर परत हात फिरवला की खालचा थर उचलला जातो. स्पिरिट चटकन पेट घेतं, तेव्हा गॅस, देवघर, उदबत्ती यांपासून लांब.

जांबोटी_रोड
गणपतीची घाई सोडा बगा. पावसाळ्यात आपल्याकडं, त्यातून खानापूरच्या बाजूला तर जास्तच, हवेत इतकी ओल असते की स्पिरिट उडताना थंड झालेल्या थरावर पाणी धरतं आणि पॉलिश दुधाळ होतं. आत्ता खरवडून, घासून ठेवा. पॉलिश दसऱ्यानंतर कोरड्या हवेत, दुपारी.

भुकटी पिठासारखी आणि भोकं टाचणीच्या डोक्याएवढी असतील तर तो पोरकिडा. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. सागवानाच्या गाभ्यात किडा सहसा जात नाही, बाहेरच्या पांढरट भागात जातो. म्हणजे तो पाय एकतर कच्च्या भागाचा आहे, नाहीतर मागनं दुसऱ्याच लाकडाचा जोडलाय. किडीचं तयार औषध पॉलिश काढल्यावरच घाला, वरून लावलेलं आत जात नाही. सुईनं प्रत्येक भोकात सोडा, हातमोजे घाला. दोन-तीन आठवडे खाली कागद पसरून ठेवा. ताजी भुकटी पडली तर परत औषध. स्क्रू ड्रायव्हर दाबल्यावर आत घुसत असेल तर औषध राहू द्या, सुताराकडून पाय बदलून घ्या.

शहापूरकर
कापूस तपकिरी झाला, म्हणजे लाखच. टेबलालाही तेच करू? की नुसतं तेल लावलं तर चालेल? घरात शेंगतेल आहे.

रंधा_पटाशी
शेंगतेल अजिबात नको. ते वाळतच नाही, धूळ धरतं, खवट होतं आणि नंतर कुठलंच पॉलिश बसू देत नाही. लाकडाला वाळणारं तेल लागतं, म्हणजे रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड जवस तेल. त्याच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा.

डाग पॉलिशपुरताच असेल तर स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेली पोटली वरून भरभर फिरवा, बहुधा जातो. पण रोज गरम भांडी ठेवणार असाल तर लाख टिकणार नाही, पीयूच करा. साध्या चपड्यात मेण असतं, त्यावर पीयू धरत नाही, म्हणून लाख पूर्ण काढा. सागवान तेलकट, तेव्हा पीयूच्या आधी थिनरच्या फडक्यानं पुसा. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच, अंदाजानं नको.

निपाणी_सुतारकाम
हिरव्या रंगाबद्दल कुणीच बोललं नाही. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्षात 90 भाग, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं. कोरडा घासू नका, धूळ घरभर होते, लहान मुलं असतील तर फारच वाईट. पेंट रिमूव्हर जाड लावा, फुगून वर आला की पत्र्यानं खरवडा, दारं-खिडक्या उघड्या आणि हातमोजे. कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो, पण सागवान काळं पडतं.

रंग घट्ट असेल तर काढूही नका. 220 चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओलंच घासा, पुसून वाळवा, प्रायमरचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन, मधे एकेक दिवस. आतल्या फळ्यांना पेंटच बरा.

आणि कपाट आडवं केलंच आहे तर पायांच्या तळालाही पॉलिशचे तीन-चार हात द्या. फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं.