थंड इंजिन सुरू करताना येणारे आवाज : कोणते स्वाभाविक मानावेत?

चौकस_चालक

माझी गाडी तीन वर्षांची असून तिला डायरेक्ट इंजेक्शनचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. याआधी चौदा वर्षे मी एकच गाडी चालवली आणि तिचा सकाळचा आवाज मला इतका पाठ झाला होता की त्यात जराही फरक पडला तरी लगेच लक्षात येई. या गाडीच्या बाबतीत मात्र अजून काहीच अंदाज बांधता येत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच आधी कोरडी खडखड ऐकू येते आणि थांबते. मग आरपीएम 1500 च्या आसपास चढतात, सायलेन्सरमधून घुमल्यासारखा जाड आवाज येतो आणि बॉनेटखाली शिलाई मशीन चालावे तशी टिकटिक सुरू होते. साधारण मिनिटभराने आरपीएम उतरतात व घुमणे थांबते, टिकटिक मात्र चालूच राहते. इंजिन तापल्यावर दिवसभरात कितीही वेळा बंद-सुरू केले तरी खडखड पुन्हा येत नाही. डॅशबोर्डवर कोणताही दिवा पेटलेला राहत नाही आणि ॲव्हरेजही घटलेले नाही. यांपैकी कोणत्या आवाजाची काळजी करावी, आणि इंजिन तापेपर्यंत गाडी जागेवरच चालू ठेवावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाना_आणि_ऑइल

मी बरीच वर्षे इंजिनदुरुस्तीचे काम करतो. तुम्ही आवाजांचा क्रम नीट लिहिला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

आधी जाड आवाजाविषयी. सायलेन्सरच्या मार्गात जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय धुरातले विषारी वायू नीट निवळत नाही. म्हणून इंजिन थंड असताना संगणक मुद्दाम आरपीएम वाढवतो आणि ठिणगी उशिरा पाडतो, जेणेकरून इंधनाचे ज्वलन लांबून त्याची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाईल. उशिरा जळणाऱ्या इंधनाचा हाच आवाज तुम्हाला घुमल्यासारखा वाटतो. कन्व्हर्टर तापला की संगणक आरपीएम खाली आणतो. काही गाड्यांत याच वेळी एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा छोटा पंप चालतो आणि त्याचा व्हॅक्यूम क्लीनरसारखा आवाज मिनिटभर ऐकू येतो. तोही दोष नव्हे.

टिकटिक तुमच्या इंजिनाच्या जातीचीच आहे. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनटेकच्या नळीत 3 ते 4 बार दाबाने फवारले जाई. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरमध्ये जाते आणि त्यासाठी 200 बार, अलीकडच्या काही इंजिनांत तर 350 बारपर्यंत दाब लागतो. हा दाब तयार करणारा पंप कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, चालतो. तो आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मिळून ही टिकटिक करतात. ती इंजिन तापल्यावरही राहते, आरपीएमबरोबर एकसारखी वाढते आणि तिच्यात जडपणा नसतो. चौदा वर्षे साधे इंजिन ऐकलेल्या कानाला ती खटकणारच.

मला विचार करायला लावते ती खडखड. क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट यांना जोडणाऱ्या टायमिंग चेनचा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चेन ताणून धरतो. रात्रभरात त्यातले ऑइल खाली उतरते आणि सकाळी दाब पुन्हा तयार होईपर्यंत चेन क्षणभर सैल राहते. झडपा ढकलणाऱ्या, ऑइलच्याच दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटचेही तसेच. एखादा सेकंद खडखड झाली तर मी ती सोडून देतो, पण तीन-चार सेकंद टिकत असेल किंवा महिन्यागणिक लांबत असेल तर सोडत नाही. म्हणून माझी विनंती आहे की मोबाइल रोज त्याच जागी ठेवून तीन-चार दिवस सकाळचा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि सेकंद मोजा. त्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बघा.

शांत_प्रवास

माझा अनुभव असा की थंडीच्या दिवसांत दहा मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवल्यावर सगळे आवाज आपोआप जातात. मी तसेच करतो आणि इतरांनीही करावे.

पाना_आणि_ऑइल

शांत_प्रवास, या एका गोष्टीवर मी आपल्याशी सहमत नाही. कार्ब्युरेटरच्या काळात तो सल्ला योग्य होता, कारण थंड इंजिन ओढ घेत नसे. आताच्या इंजिनावर जागेवर भारच नसल्याने ते फार हळू तापते. तेवढा वेळ मिश्रणात पेट्रोल जास्त राहते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. वीस-तीस सेकंद थांबावे, ऑइलचा दिवा विझल्याची खात्री करावी आणि पहिले काही किलोमीटर आरपीएम कमी ठेवून शांतपणे चालवावे. तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा असतो, ऑइल त्याच्या बरेच मागून तापते. टर्बो असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

रबर_बुश

माझा अनुभव थोडा वेगळ्या आवाजाचा आहे, पण येथे उपयोगी पडेल. थंड इंजिनाचे आरपीएम उतरताना, नेमके 1200 च्या आसपास, पत्र्याची झणझण येई आणि दोन महिने मी ती टॅपेटची समजत होतो. शेवटी गाडी सुरू ठेवून खाली वाकून पाहिले. एक्झॉस्टवरच्या उष्णतारोधक पत्र्याचे बोल्टभोवतीचे छिद्र गंजून इतके मोठे झाले होते की बोल्ट जागच्या जागी असूनही पत्रा मोकळा हलत होता. लाकडी काठीच्या टोकाने तो दाबून धरला की आवाज बंद, सोडला की पुन्हा सुरू. मोठा वॉशर टाकून काम झाले. पंखा, बेल्ट आणि तापलेला पाइप यांपासून हात व कपडे दूर ठेवूनच असे काही तपासावे.

सकाळी बेल्टची चीं-चीं येत असेल तर बहुधा दवाचा ओलावा असतो आणि तो अर्ध्या मिनिटात जातो. रोजच येऊ लागली तर मात्र बेल्ट बघून घ्यावा.

मायक्रॉन

एक आवाज राहिला. काही इंजिनांत थंड असताना खालच्या भागातून पोकळ ठक-ठक येते आणि काही मिनिटांत विरते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. पिस्टन तापून फुगल्यावर फट योग्य राहावी म्हणून थंडपणी ती थोडी जास्त ठेवावी लागते आणि तेवढ्या जागेत पिस्टन डोलून सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो. हल्लीचे पिस्टन घर्षण कमी करण्यासाठी आखूड केलेले असल्याने हे अधिक जाणवते. पूर्णपणे विरत असेल तोवर अशी इंजिने वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात.

याच्या उलट पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असेल तर ऑइल तापून पातळ झाल्यावर ठोका अधिक स्पष्ट होतो, ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो. असा आवाज ऐकू आला तर गाडी चालवत गॅरेजपर्यंतसुद्धा नेऊ नये, टो करून न्यावी. कोणताही आवाज उष्णतेबरोबर कमी होतो की वाढतो, हे मी त्याच्या मोठेपणाच्या आधी बघतो.

चौकस_चालक

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस मोबाइल बॅटरीशेजारच्या सपाट कडेवर ठेवून आवाज टिपला. खडखड चारही दिवशी तीन सेकंदांच्या थोडी पुढे गेली. माझ्या मनात ती जेमतेम एका सेकंदाची होती. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली तेव्हा ऑइल खालच्या खुणेला टेकलेले दिसले. मागच्या सर्व्हिसनंतर ती मी एकदाही काढून पाहिली नव्हती. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या 0डब्ल्यू-20 ग्रेडचेच ऑइल थोडे थोडे घालून पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली आणली. त्यानंतरच्या तीन सकाळी खडखड एका सेकंदाच्या आत थांबली आहे. आता ऑइल कुठे गेले, हा प्रश्न उरतो.

पाना_आणि_ऑइल

योग्य केलेत. वरच्या खुणेपलीकडे भरले नाही, हेही बरे झाले. टर्बो इंजिन थोडे ऑइल खाते, पण किती खाते ते मोजल्याशिवाय काही बोलता येणार नाही. आजचा किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि 1000 किलोमीटरनंतर सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक बघा. इंजिनाखाली आणि टर्बोच्या नळ्यांभोवती ओल आहे का, तेही तपासा. पुढच्या सर्व्हिसला फिल्टर मूळ मापाचाच घ्या, कारण इंजिन बंद असताना ऑइल परत खाली उतरू न देणारी रबरी झडप बहुधा त्यातच असते आणि ती निकृष्ट असली की सकाळची खडखड लांबते. पातळी ठीक असूनही तीन सेकंदांची खडखड परत आली, तर चेन व टेन्शनर उघडून बघायला सांगा आणि कॅमशाफ्ट-क्रँकशाफ्टच्या ताळमेळातल्या बिघाडाचा एखादा कोड इंजिनाच्या संगणकात नोंदलेला आहे का, ते स्कॅनरवर पाहून घ्या. 1000 किलोमीटरनंतरचा आकडा येथे जरूर कळवा.