जॅक्सनच्या काळात अमेरिकेत लोकशाही वाढली की फक्त गोऱ्यांची सत्ता पक्की झाली?

पायवाट

१८२८ला निवडून आलेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन, त्याचं नाव निघालं की हल्ली दोनच गोष्टी ऐकू येतात: तो गुलामांचा मालक होता आणि त्याने मूलनिवासींना हुसकावलं. दोन्ही खरं आहे. पण तेवढ्यावर त्या सगळ्या काळाचा निकाल लावणं मला पटत नाही.

१८२४ची निवडणूक बघा. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची, म्हणजे इलेक्टरांची, सर्वांत जास्त ९९ मतं जॅक्सनला, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सला ८४. बहुमत कुणालाच नव्हतं, म्हणून निर्णय अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, प्रतिनिधिगृहाकडे गेला. सभापती हेन्री क्लेंनी आपलं वजन अ‍ॅडम्सच्या पारड्यात टाकलं आणि लगेच त्याच सरकारात ते परराष्ट्रमंत्री झाले. सौदा झाला होता की नाही यावर आजही वाद घालता येईल, पण लोक संतापले आणि चार वर्षं तो संताप टिकला. १८२४ला साडेतीन लाखांच्या आसपास मतं पडली होती, १८२८ला साडेअकरा लाखांच्या आसपास. मालमत्तेची अट बहुतेक राज्यांत गेली होती किंवा जात होती. ज्यांना कुणी विचारत नव्हतं ते शेतकरी आणि कारागीर मतदानाला आले.

आता प्रादेशिक तणावाकडे या. आयात कर आपल्या राज्यात रद्दबातल आहे असं म्हणत केंद्राला आव्हान दिलं ते दक्षिण कॅरोलिनाने. १८२८मध्ये राष्ट्राध्यक्षासाठी जनतेला मतदान नाकारणारी दोनच राज्यं उरली होती, डेलावेअर आणि हेच दक्षिण कॅरोलिना. तिथे इलेक्टर विधिमंडळ निवडायचं आणि विधिमंडळ मळेवाल्यांच्या मुठीत होतं. देश फोडायची भाषा सामान्य मतदाराने केली नाही, त्याला घाबरणाऱ्यांनी केली.

कातळ

पायवाट, 'सामान्य माणूस' म्हणताना तुम्ही कुणाला मोजताय? न्यूयॉर्कने १८२१च्या राज्यघटनेत गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकली आणि त्याच घटनेत कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. उत्तर कॅरोलिनात स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुष मत देत होते, १८३५ला त्यांचा हक्क गेला. पेनसिल्व्हेनियात १८३८ला तेच झालं. एकाला हक्क देताना दुसऱ्याच्या हातातला काढून घेतला, तोही उघड चर्चा करून, ठराव मांडून.

आणि १८३०चा मूलनिवासींच्या स्थलांतराचा कायदा? प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७. जागावाटपाच्या लोकसंख्येत प्रत्येक गुलाम तीन-पंचमांश माणूस मोजून दक्षिणेला प्रतिनिधिगृहात ज्या जादा जागा मिळत होत्या, त्या नसत्या तर तो पडला असता. टेनेसीचा प्रतिनिधी डेव्ही क्रॉकेटने विरोधात मत दिलं, तर १८३१ला मतदारांनी त्याला घरी बसवलं. १८३८-३९मध्ये चेरोकी या मूलनिवासी जमातीला लष्कराच्या पहाऱ्यात मिसिसिपीपलीकडे नेलं, हजारो माणसं त्यात मेली. या धोरणाला लोकांची मतं मिळाली होती, हे मान्य करायला हवं.

पायवाट

मान्य करतो. पण क्रॉकेटची गोष्ट अर्धी सांगू नका. १८३३ला टेनेसीच्याच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. १०२-९७ या आकड्यातच दिसतं की देश या प्रश्नावर दुभंगलेला होता.

उंबरठा

दोघांनाही माझा एक आक्षेप. १८२८च्या आयात कराला दक्षिणेत लोक 'घृणास्पद' म्हणत, त्याला कारण होतं. कापूस विकायचा ब्रिटनला, तोही जागतिक भावाने, आणि अवजारं, कापड घ्यायचं ते कराने महागलेलं. संरक्षण मिळालं उत्तरेच्या कारखान्यांना. ही तक्रार खरी होती. शिवाय दक्षिण कॅरोलिनात गोऱ्या पुरुषांना मालमत्तेची अट १८१०च्या सुमारासच गेली होती. राज्याच्या निवडणुकीत ते मत देत होते. कराला रद्दबातल ठरवणारा नोव्हेंबर १८३२चा ठराव मूठभरांचं कारस्थान नव्हता. त्याच्या बाजूचे लोक त्याआधी राज्यात निवडणूक जिंकून आले होते.

कातळ

उंबरठा, तक्रार खरी होती, पण तेवढीच असती तर कापूस पिकवणारं दुसरं एखादं राज्य सोबत आलं असतं. एकही आलं नाही. दक्षिण कॅरोलिनात निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलाम होती. आज केंद्राला कर लादू दिला तर उद्या ते गुलामगिरीला हात घालेल, ही भीती त्या ठरावामागे होती.

जॅक्सनने डिसेंबर १८३२ला बजावलं की शस्त्रबळाने संघराज्यातून फुटणं हा देशद्रोह आहे, याचं श्रेय मी त्याला देईन. पण १८३५ला दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये जमावाने गुलामगिरीविरोधी टपाल जाळलं, तेव्हा याच जॅक्सनने काँग्रेसकडे मागितलं काय? असं साहित्य दक्षिणेत टपालाने जाऊ नये असा कायदा! मग १८३६ला प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेला न घेताच बाजूला ठेवायचा नियम केला. त्याच्याशी आठ वर्षं कोण झुंजलं? १८२८ला जनतेने ज्याला हरवलं तेच म्हातारे अ‍ॅडम्स. लोकशाहीचा सर्वांत साधा हक्क, सरकारपुढे अर्ज करण्याचा, त्यांनी राखला. म्हणून मतदारांची गर्दी म्हणजे लोकशाही, हे मी मानणार नाही.

पायवाट

अ‍ॅडम्सबद्दल माझ्याही मनात आदरच आहे. पण ते त्या सभागृहात पोहोचले कसे? १८३०ला मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी पाठवलं म्हणून. आणि १८४४ला तो नियम उठला तो उत्तरेतले डेमोक्रॅट, म्हणजे जॅक्सनच्याच पक्षातले लोक, फुटून त्यांच्या बाजूने आले म्हणून. अर्जांवर हजारो सामान्य माणसांच्या सह्या होत्या, त्यांत बायका होत्या, ज्यांना मतही नव्हतं. त्यांचा दबाव आपल्या मतदारसंघात येतोय हे त्या सदस्यांना कळत होतं. अ‍ॅडम्स एकटे लढले नाहीत.