ओढ्यातल्या ट्राउटला ट्यूब फ्लाय: गरज की हौस?

गळकरी_कोथरूड:
पुण्यातून दरवर्षी ट्राउट धरायला हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात जाणारे इथे बरेच आहेत, म्हणून विषय काढतो. ट्यूब फ्लाय, म्हणजे गळाऐवजी बारीक नळीवर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष, म्हटलं की ‘ती सॅमनची, मोठ्या नदीची’ हे उत्तर ठरलेलं. तिचा जन्म तिथलाच, हे खरं. १९४०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनला ती सॅमनसाठी बांधली जाऊ लागली. पण माझं मत स्पष्ट आहे: ओढ्यातल्या ब्राउन ट्राउटसाठी स्ट्रीमर (लहान माशासारखी दिसणारी लांब फ्लाय) टाकणार असाल, तर ट्यूबवरच बांधा.

कारण गळ. लांब दांडीच्या गळावर स्ट्रीमर बांधला की मासा डोकं झटकतो तेव्हा ती दांडी तरफेसारखी चालते. भोक रुंद होतं, गळ निसटतो. ट्यूबमध्ये लीडर (दोरीच्या टोकाचा बारीक दोरा) नळीतून आरपार जातो आणि गळ त्याच्या टोकाला सुटा बांधलेला असतो. मासा लागला की नळी लीडरवरून वर सरकते, तोंडात उरतो फक्त आखूड दांडीचा गळ. पाच सेंटिमीटरची फ्लाय आणि मागे दहा नंबरचा बिनकाट्याचा (उलटं टोक नसलेला) गळ, त्यामुळे मासा सोडताना जखमही लहान. गळ दगडावर बोथट झाला तर तेवढाच बदलायचा.

मुळशीचा_वारा:
तत्त्व मान्य, जागा चुकली. ओढ्यातला ट्राउट बहुतेक वेळ खातो काय? पाण्यातला दगड उलटून बघा, मेफ्लाय आणि कॅडिस या पाणकिड्यांच्या अळ्या चिकटलेल्या दिसतील. तिथे चौदा-सोळा नंबरच्या बारीक गळावरची निम्फ, म्हणजे अशा अळीसारखी फ्लाय, काम करते, आणि ती ट्यूबवर बांधण्यात काही अर्थ नाही. गुडघाभर पाण्यात, दोन धोंड्यांमधल्या हातभर जागेत तांब्याची नळी टाकली तर पहिल्याच फेकीत अडकणार. आणि तरफेचा मुद्दा लांब दांडीपुरताच आहे. आखूड दांडीच्या गळावर सशाच्या कातडीची पट्टी बांधा, लांबीही मिळते आणि दांडीही आखूड राहते.

गळकरी_कोथरूड:
@मुळशीचा_वारा, निम्फच्या जागी ट्यूब वापरा असं मी म्हटलेलंच नाही. पण ब्राउन ट्राउट मोठा झाला की लहान मासे खाऊ लागतो, आणि असा मासा खोल डोहात, कडेच्या सावलीत असतो. पाणी थोडं गढूळ असताना त्याला हलवायला आकार लागतो. सशाच्या पट्टीचं म्हणाल, तर ती गळाच्या वाकाभोवती गुंडाळते आणि फ्लाय आडवी पोहते. शिवाय गळ पुढे राहतो, त्यामुळे शेपटीला तोंड लावणारा मासा हुकतो. आणि नळी तांब्याचीच हवी असं कुणी सांगितलं? उथळ पाण्याला प्लास्टिकची.

शनिवारपेठी:
बांधायचं कसं, ते कुणी सांगेल का? माझ्या व्हाइसमध्ये (फ्लाय बांधताना गळ धरायच्या चिमट्यात) नळी धरताच चेपते.

बोहरीआळी_फेरी:
नळी व्हाइसमध्ये धरायचीच नाही. दाभण किंवा जाड सुई व्हाइसमध्ये आडवी पकडायची आणि नळी तिच्यावर घट्ट चढवायची. प्लास्टिकच्या नळीचं पुढचं टोक लायटरने अगदी किंचित वितळवलं की ओठ तयार होतो, दोरा पुढे घसरत नाही. मागे सिलिकॉनच्या नळीचा छोटा तुकडा बसवा, गळाचा डोळा त्यात रुतवा. हे टाळलंत तर गळ लोंबकळतो आणि फेकताना लीडरला अडकतो. ट्यूबविषयीच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

नळ्यांचं सांगायचं तर पूर्वी कान साफ करायच्या काड्या उत्तम चालायच्या. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काड्यांवर बंदी आहे, कागदी काडी पाण्यात मऊ पडते. बॉलपेनची रिफिल ट्राउटला जाड होते. वजन हवं असेल तर फ्रिज दुरुस्तीच्या सामानात तांब्याची कॅपिलरी मिळते. फक्त कापलेल्या कडा काचपेपरने गोल करा, नाहीतर लीडर कापला जाईल. हॅकलसाठी, म्हणजे फ्लायभोवती गुंडाळायच्या पिसांसाठी, चिकनवाल्याकडून गावठी कोंबड्याची मानेची पिसं मागून घ्या. राखी रानकोंबड्याची पिसं कुणी देऊ केली तर मात्र घेऊ नका. सॅमन फ्लायच्या जुन्या कृतींत ती असतात, पण हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

खडस_प्रथम:
मला या सगळ्याच खटाटोपाचं वाईट वाटतं. ब्राउन ट्राउट इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणून सोडलेला, परका मासा. आपला खडस, म्हणजे दख्खनचा महाशीर, शास्त्राला सांगितला तो कर्नल साइक्सने १८३९ मध्ये, इथल्याच मुळा-मुठेच्या पाण्यातून! त्या पाण्यात आज काय वाहतं ते संगमावर जाऊन बघा. तुमची कला, तुमची सुट्टी आणि पैसा या नदीकडे वळला पाहिजे.

मुळशीचा_वारा:
@खडस_प्रथम, तळमळ पटते, पण त्यासाठी तीर्थनला जाणं थांबवायची गरज नाही. तिथल्या लोकांनी जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध लढून नदी मोकळी ठेवली. ट्राउटसाठी येणारे पाहुणे हाही तिथे नदी वाहती ठेवण्यामागचा एक आधार आहे.

@गळकरी_कोथरूड, डोहाचा मुद्दा मान्य. पण नव्या माणसाला पहिली फ्लाय म्हणून ट्यूब सुचवू नका. आधी त्याला दगड उलटून बघायला शिकू दे, निम्फवर मासा लागू दे. ट्यूब दुसऱ्या हंगामात.

गळकरी_कोथरूड:
दुसऱ्या हंगामापर्यंत तो लांब दांडीच्या काटेरी गळाने किती तोंडं फाडेल? मला ते पटत नाही. आणि हो, हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटला बंदी असते. तेवढे महिने बांधायला पुरेसे आहेत. @शनिवारपेठी, दाभण माझ्याकडे जास्तीचं आहे, येऊन घेऊन जा.