शॅकने ६३ टक्के फटके घातले, तरी श्रेय पुढच्या फळीला?

रिंगखालचा (धागाकर्ता) :
एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या २००४ च्या अंतिम मालिकेत डेट्रॉइट पिस्टन्सने लॉस एंजेलिस लेकर्सना ४-१ असे हरवले. शॅक ओ'नील, ब्रायंट, मलोन आणि पेटन असे चौघे नामांकित खेळाडू लेकर्सकडे असताना हा निकाल लागला आणि त्याचे श्रेय आजही 'सांघिक खेळा'ला देऊन लोक मोकळे होतात. मला हे उत्तर गुळमुळीत वाटते. माझ्या मते ही मालिका पिस्टन्सच्या बेन वॉलेस आणि रशीद वॉलेस या दोघांनी (आडनाव एक, नाते काही नाही) रिंगखाली, म्हणजे पुढच्या फळीने, जिंकून दिली.

पहिलाच सामना घ्या. पिस्टन्स ८७, लेकर्स ७५. त्यात ओ'नीलचे ३४ आणि ब्रायंटचे २५. म्हणजे उरलेल्या सगळ्या लेकर्सचे मिळून १६ गुण. एरवी ओ'नीलकडे चेंडू गेला की प्रतिस्पर्धी संघ त्याच्यावर दुसरा माणूस धाडत आणि तो शांतपणे मोकळ्या राहिलेल्या साथीदाराकडे चेंडू देई. पिस्टन्सचे प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी बहुतेक वेळा तो दुसरा माणूस धाडलाच नाही. सहा फूट नऊ इंचांचा बेन, सात फूट एक इंचाच्या ओ'नीलच्या पाठीला हाताचा कोपरापुढचा भाग लावून, चेंडू येण्याआधीच त्याला पाऊलभर बाहेर ढकलताना दिसतो. तेवढ्या पावलाने गुण थांबत नाहीत, पण फटक्यासाठी मिळणारे घड्याळातले सेकंद जातात आणि बाकीचे चार बचावपटू आपापला माणूस न सोडता उभे राहू शकतात.

बाहेरचा गार्ड :
युक्तिवाद देखणा आहे, पण आकडे आपली साथ देत नाहीत. ओ'नीलने या मालिकेत सुमारे ६३ टक्के फटके रिंगमध्ये घातले आणि चौथ्या सामन्यात तर ३६ गुण आणि २० रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले. समोरचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) असा खेळत असेल, तर त्या बचावाला यशस्वी कोणत्या तोंडाने म्हणायचे? कोसळला तो ब्रायंट, जेमतेम ३८ टक्के. त्याच्यावर होता टेशॉन प्रिन्स, ज्याचे लांब हात फटका सुटण्याच्या क्षणी नेमके मध्ये येत. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही पिस्टन्सचा बिलप्स ठरला, म्हणजे गार्डच (रिंगपासून दूर चेंडू खेळवणारा). शिवाय मलोनचा गुडघा दुखावलेला होता आणि पाचव्या सामन्यात तो खेळलाच नाही, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे.

रिंगखालचा :
मलोनचा मुद्दा रास्त आहे. तो मी लिहायला हवा होता. प्रिन्सबाबत मात्र दोन गोष्टी. एक तर तो स्मॉल फॉरवर्ड, म्हणजे पुढच्याच फळीतला. दुसरे असे की, ब्रायंटच्या अंगाला खेटून, प्रसंगी अर्धे पाऊल मागे पडण्याची जोखीम घेऊन त्याला खेळता आले, कारण ब्रायंट त्याला चुकवून आत शिरलाच तर तिथे बेन उभा होता. मागे भिंत असली की पुढच्याला धाडस करता येते.

आणखी एक पुरावा देतो. २००३ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत न्यू जर्सी नेट्सने याच पिस्टन्सना ४-० असे धुतले होते. तेव्हा बेन होता, बिलप्स होता, हॅमिल्टनही होता. नव्हता तो रशीद, जो २००४ च्या फेब्रुवारीत आला. त्याच्या येण्याने रिंगजवळ दुसरा उंच, जागा ओळखणारा आणि सतत ओरडून साथीदारांना सावध करणारा बचावपटू मिळाला.

बाहेरचा गार्ड :
त्याच काळात प्रशिक्षकही बदलले. कार्लाइल गेले, ब्राउन आले. प्रिन्सचे तर २००३ मध्ये पहिलेच वर्ष होते. इतके सगळे एकदम बदलले असताना एकट्या रशीदच्या पदरात माप घालणे मला पटत नाही. आणि प्रिन्सला 'पुढच्या फळीत' ओढून आपण वाद जिंकत नाही, फक्त व्याख्या रुंद करता. तो बचाव करत होता गार्डचा आणि तोही रिंगपासून वीस फुटांवर.

मधली रेघ :
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून जाते आहे. त्या हंगामापर्यंत बचावपटूला चेंडू खेळवणाऱ्याच्या अंगाला हात लावून त्याची दिशा बदलण्याची बरीच मुभा होती. २००४-०५ पासून पंचांनी त्यावर कडक शिट्टी वाजवायला सुरुवात केली. लेकर्सना ६८ गुणांवर रोखणारा तिसरा सामना त्या जुन्या मोकळिकीतला आहे. त्यामुळे 'बाहेरचा गार्ड' यांचा प्रिन्स पुढच्या नियमांत ब्रायंटला तितका जखडू शकला असता का, याची मला शंका आहे. रिंगखाली उभे राहून उडी मारणाऱ्या सेंटरचे मोल त्या बदलाने कमी झाले नाही. उलट गार्ड मोकळे सुटू लागल्यावर तो अधिकच लागू लागला. तेवढ्यापुरती मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, मालिकेच्या श्रेयाबाबत नाही.

बाहेरचा गार्ड :
शंका मान्य. पण वाद २००४ च्या जूनमधल्या पाच सामन्यांचा आहे आणि तेव्हाच्या नियमांत ब्रायंटला प्रिन्सनेच रोखले.

रिंगखालचा :
मग शेवटचा सामनाही त्या पाचांत धरा. १००-८७. बेनचे १८ गुण आणि २२ रिबाउंड. कोणत्याही संघाने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) न निवडलेला आणि कारकिर्दीत सामन्यामागे सहा गुणही न करणारा हा माणूस २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला. त्याला तिथे कशासाठी नेले, एवढेच आपण सांगावे.