कात्रण, चिंधी की कटपीस?

नौपाडा : गावदेवी मंडईजवळच्या शिंपीकाकांकडे गोधडीसाठी उरलेलं कापड मागितलं. म्हणाले, "चिंद्या ना? न्या की कितीही." आई म्हणते, चिंधी काय म्हणतेस, कात्रणं म्हण. पण कात्रण तर वर्तमानपत्राचं असतं ना?

ऐरोली : कातरीने कातरून निघालं ते कात्रण, मग कापड असो वा कागद. संस्कृत कर्तरी, प्राकृत कत्तरी, मराठीत कातरी आणि पुढे कात्री. कर्ण-कण्ण-कान, हस्त-हत्थ-हात हेच वळण. वर्तमानपत्राचं कात्रण नंतरचं. छापखान्याआधी कसलं वर्तमानपत्र! हिंदीतली कतरन हिची बहीण.

कळवा : सूत कातणं पण यातूनच आलं का?

ऐरोली : नाही. संस्कृतात 'कृत्' हे दोन वेगळे धातू आहेत, एक कापण्याचा, एक सूत कातण्याचा. दोघांचंही रूप 'कर्तन', म्हणून गोंधळ. आणि कुणी कातरवेळ काढायच्या आत सांगतो, तो कातर म्हणजे व्याकूळ. कात्रीशी त्याचं काही नातं नाही.

वर्तकनगर : चिंधी उरलेलीच असावी असं कुठे आहे? कृष्णाचं बोट कापलं तेव्हा द्रौपदीने बांधली ती चिंधीच, आणि तीही भरजरी वस्त्राची. माझ्या मते फाडली ती चिंधी, कातरलं ते कात्रण. आईंना 'चिंधीगिरी' आठवत असेल. मुंबईच्या बोलीने बिचाऱ्या शब्दाची पत पार घालवली.

कोपरी : कापडधंद्यात फाडलं की कापलं हे कुणी बघत नाही. गिरणीच्या मालात फेंट, रॅग, चिंदी अशी लांबीप्रमाणे उतरती वर्गवारी असायची. सगळ्यांत आखूड ती चिंदी. धंद्यात 'द'च, 'ध' नाही. शिंपीकाका त्याच अर्थाने बोलले. कटपीस वेगळा. तोही ताग्याचा उरलेला तुकडा, पण त्यात निदान ब्लाउज निघतो, म्हणून तो नगावर विकतात आणि चिंदी किलोवर.

कळवा : कागदाचा कपटा, लाकडाची ढलपी, दगडाची कपची, तांदळाची कणी. आपण सगळ्याला 'तुकडा' म्हणून मोकळे!

नौपाडा : आईला वाचून दाखवलं. म्हणते, शिंप्याने कात्रीनेच कापलंय, म्हणजे कात्रणंच.

वर्तकनगर : बरोबर आहे त्यांचं. फक्त सुती तेवढी निवडून घ्या, टेरिकॉटची गोधडी अंगावरून घसरते.